वाचकांचे प्रश्न : आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी पुरेशी आहे का?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 72 आहे. मोरीत पाय घसरून पडल्याने त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून रॉड बसवण्यात आला. डिस्चार्जच्या कागदावर ‘व्यायाम चालू ठेवावा’ एवढेच लिहिले आहे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा अर्धा तास येतात, बाकी वेळ त्या पलंगावरच असतात. जन्मभर जमिनीवर बसून विड्या वळलेल्या सासूबाई पुन्हा खाली कधी बसता येईल, असे सारखे विचारतात. एवढे उपचार पुरेसे आहेत का? — एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आठवड्यातला हा एक तास पुरेसा नाही, आणि आपल्याला तसे वाटले हे योग्यच झाले. उतारवयात अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू फार लवकर झिजतात, शिवाय छातीत कफ साठणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे आणि पाठीला जखमा होणे हे धोके असतात. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवतात. मात्र थेरपिस्टच्या फेऱ्या वाढवणे एवढाच त्यावरचा उपाय नाही. व्यायाम रोज, थोडा थोडा आणि दिवसातून तीन-चार वेळा व्हावा लागतो आणि तो घरच्यांनाच करवून घ्यावा लागतो. थेरपिस्टने तो शिकवावा, चुका सुधाराव्यात आणि दर आठवड्याला पुढची पायरी ठरवून द्यावी.

त्यासाठी आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून, त्या पायावर किती भार द्यायचा, हे लिहून घ्या. याबाबत संदिग्धता असली, की थेरपिस्टही हात राखून व्यायाम देतात आणि घरचेही भितात. मग थेरपिस्टकडून व्यायाम कागदावर उतरवून घ्या : घोटे वर-खाली करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे आणि परवानगी असल्यास हाताच्या खुर्चीतून उठणे-बसणे. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्ध्या-पाऊण तास आधी द्यावी, कारण कळ सोसत कोणीही मनापासून व्यायाम करत नाही.

चालवताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय असा क्रम ठेवा. आपण दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहा आणि सासूबाईंच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. काखेत हात घालून ओढू नका, त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात चालणे सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर ठेवावे, दुपारी पलंगावरचे व्यायाम पुरेत.

खर्च झेपत नसेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात दाखवून फिजिओथेरपीची चिठ्ठी मागता येईल. खाजगी आरोग्य विमा असल्यास डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे कलम वाचा. अनेक पॉलिसींमध्ये ही मुदत 60 किंवा 90 दिवसांची असते, पण डॉक्टरांची लेखी शिफारस आणि पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून स्राव आला किंवा काल टेकवता येणारा पाय आज टेकवेना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्पष्टपणे द्यावे. एक्स-रेत हाड जुळलेले दिसेपर्यंत आणि डॉक्टर होकार देईपर्यंत त्यांनी खाली बसू नये. तोवर उंच खुर्ची आणि शौचासाठी कमोडची खुर्ची वापरावी. दरम्यान हातांना काम हवे असेल, तर सूप मांडीवर न घेता समोरच्या टेबलावर ठेवून त्यांनी खुशाल धान्य निवडावे. तेवढा वेळ त्या पलंगाबाहेर बसतील, हे आज सर्वांत गरजेचे आहे.