नऊ लाखांचा रिफंड येणारच नाही

प्रश्न : वय ३१, राहणार ठाणे. नोकरी सोडून पूर्णवेळ टुर्नामेंट पोकर खेळतो. २०२५-२६ मध्ये गोव्यातल्या कॅसिनोंत ३० लाखांची बक्षिसं जिंकली, त्यातली १८ लाखांची एकाच स्पर्धेत. बाय-इन (स्पर्धांची प्रवेश फी) २२ लाख, म्हणजे नफा ८ लाख. १२ लाखांपर्यंत कर नसल्याने कापलेला ९ लाखांचा टीडीएस परत मिळेल. त्यातून बँकेने सुचवलेली हमी उत्पन्नाची विमा योजना घ्यावी का? हप्ता वर्षाला ३ लाख, १० वर्षं. घरखर्च पत्नीच्या पगारातून चालतो. माझ्या खात्यातली शिल्लक मात्र वर्षभरात ४ लाखांनी घटली आहे.

उत्तर : योजनेचं नंतर बघू. आधी ही घटलेली शिल्लक.

पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर लागतो, वर त्या करावर ४ टक्के सेस म्हणजे उपकर. त्यातून बाय-इन वजा होत नाही, विमानाचं तिकीट होत नाही, हॉटेलही नाही. हरलेल्या स्पर्धांचा तोटा कशातूनच वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. १२ लाखांची सूट या उत्पन्नाला लागूच नाही. पोकर कौशल्याचा खेळ आहे की नाही, हा वाद जुगारबंदीच्या कायद्यातला. आयकर कायद्यात पत्त्यांच्या खेळांचा थेट उल्लेख आहे. रिफंडचं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याच्याकडून रिटर्न भरून घेऊ नका.

आता हिशेब. ३० लाखांतून ९ लाख कापून हाती आले २१. बाय-इन २२ आणि प्रवास-मुक्कामाचे ३ धरले तर गेले २५. तोटा ४ लाख. तुमचं पासबुक नेमकं हेच सांगतंय. शिवाय सेसचे साधारण ३६ हजार भरायचे राहिलेत, ते वेगळेच.

याच खर्चात नुसती बरोबरी साधायला ३६ लाखांहून जास्त जिंकावे लागतील. यंदा बाय-इनच्या वर ३६ टक्के बक्षिसं मिळवलीत. खेळ चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. तरीही तोटा झाला, आणि तो खेळातला नाही, कराच्या रचनेतला आहे. टुर्नामेंटमध्ये बहुतेक खेळाडू रिकाम्या हाताने उठतात आणि मोठी रक्कम अंतिम टेबलावरच्या मोजक्यांना मिळते. १८ लाखांची ती एक स्पर्धा वगळली तर बक्षिसांचे उरतात १२ लाख. पुढच्या वर्षी तशी स्पर्धा आलीच नाही तर? ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळणंही बंद झालंय. म्हणजे घरबसल्या, कमी बाय-इनमध्ये भरपूर स्पर्धा खेळून चढ-उतार पचवायची सोय गेली. प्रत्येक डावासाठी आता गोवा गाठा.

माझं मत स्पष्ट आहे : नोकरी धरा. पोकर सुट्ट्यांत खेळा. त्याचं खातं वेगळं ठेवा, वर्षाची रक्कम पत्नीशी बोलून ठरवा आणि ती संपली की त्या वर्षीचा खेळ थांबवा. पत्नीच्या नावावर एफडी असली, तरी त्या ठेवीला हात लावायचा नाही. पगार सुरू झाला की आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स आणि स्वतःचा आरोग्य विमा घ्या.

आणि ती हमी योजना? ज्याच्या उत्पन्नाचा पत्ता नाही, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणं ही निव्वळ कमिशनसाठी केलेली विक्री आहे. अशा योजना साधारण ५-६ टक्के देतात, आणि सुरुवातीलाच सोडल्या तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग बुडतो. सही केली नसेल तर करू नका. पहिला हप्ता गेला असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.