१८५० च्या दशकात क्वीन्सलंडमध्ये मूळ रहिवाशांशी झालेल्या संघर्षात मारल्या गेलेल्या मेंढपाळ पूर्वजाची नोंद कुठे शोधावी?
सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून नको, ‘ट्रोव्ह’पासून करा, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या या मोफत संकेतस्थळावर १८४६ पासूनचं ‘मोरेटन बे कुरिअर’ हे ब्रिस्बेनचं वृत्तपत्र वाचता येतं. आडरानात मेलेल्याला बहुधा तिथेच पुरत, त्यामुळे सरकारी नोंद अनेकदा नसतेच. बातमी मात्र येई, उशिरा का होईना. शोधताना माणसाच्या नावाऐवजी तो राबत होता त्या ‘स्टेशन’चं, म्हणजे गुरंमेंढ्यांच्या मोठ्या मळ्याचं, नाव टाका, कारण नोकरमाणसाचा उल्लेख कित्येकदा ‘अमक्याचा मेंढपाळ’ एवढाच असतो. तारीख हाती लागली की मग मृत्यूच्या चौकशीचे कागद: १० डिसेंबर १८५९ पूर्वीचे सिडनीत, कारण तोवर हा मुलूख न्यू साउथ वेल्समध्येच होता, नंतरचे ब्रिस्बेनच्या अभिलेखागारात. फक्त ही वृत्तपत्रं वसाहतवाल्यांची होती हे धरूनच वाचा. ऑक्टोबर १८५७ मध्ये हॉर्नेट बँक नावाच्या स्टेशनवर ११ जण मारले गेले, त्यांच्याबद्दल बरंच छापून आलं. त्यानंतरच्या सूडात मेलेल्या यिमन या तिथल्या मूळ रहिवाशांची नावंसुद्धा सहसा मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसल विद्यापीठाचा हत्याकांडांचा नकाशा दोन्हीकडचे बळी दाखवतो, पण सहा किंवा जास्त मृत्यू असलेल्या घटनांचेच. एकटादुकटा मेंढपाळ त्यात सापडणार नाही.