डेटा सेंटरमध्ये वीज वाचवायची म्हटलं की कामगिरीशी तडजोड करावीच लागते का?
नाही. बहुतेक ठिकाणी वीज वाया जाते ती अति काळजीपोटी. सर्व्हर रूम गारठवून ठेवायची गरज नसते. आशरे (ASHRAE) या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार सर्व्हरमध्ये शिरणारी हवा २७ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. पण लगेच तापमान वाढवू नका. आधी सर्व्हरच्या रॅकमधल्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या) लावा, केबलसाठी फरशीला पाडलेली भोकं बुजवा, म्हणजे मागची गरम हवा फिरून पुढे येणार नाही. मग एसीच्या पंख्यांचा वेग कमी करता येतो आणि खरी बचत तिथेच आहे: वेग २० टक्क्यांनी उतरला की पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते. तापमान एकेक अंशानेच वाढवा, कारण फार वाढलं तर सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात.

नुसत्या पीयूईवर (एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज; आकडा जितका कमी तितका चांगला) मात्र विसंबू नका. विनाकाम चालणारे सर्व्हर बंद केले की बिल घटतं, पण पीयूई बिघडलेला दिसू शकतो! बाष्पीभवनाच्या कूलिंगने तो सुधारतो, पण पाणी भरपूर जातं. म्हणून व्यवस्थापनाला एकूण युनिट आणि पाणीही सोबत दाखवा.