क्वेस्टब्रिज मॅच: पंधरा कॉलेजांची यादी आणि साताऱ्याचा सातबारा

अमेरिकेत बारावीत शिकणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी क्वेस्टब्रिज ही संस्था ‘नॅशनल कॉलेज मॅच’ चालवते. पन्नासच्या वर नावाजलेली कॉलेजं तिच्याशी जोडलेली आहेत. मुलांनी पसंतीक्रम द्यायचा, कॉलेजांनी आपापली निवड करायची, आणि जुळलं की चार वर्षांचा खर्च कॉलेजने उचलायचा. या वेळच्या पत्रांत याच योजनेबद्दलचे प्रश्न जास्त होते.

प्रश्न: बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून आम्ही ग्रीनकार्डवर आलो. मी स्टोअरमध्ये काम करतो, बायको डेकेअरमध्ये. मुलीच्या काउन्सेलरने क्वेस्टब्रिज सुचवलंय. चार वर्षं फुकट म्हणजे यात काही गोम तर नाही? शिवाय साताऱ्याजवळ वडिलोपार्जित शेती आहे, सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत. ती दाखवायची का? (एडिसन, न्यू जर्सी)

गोम नाही. अर्जाला एक डॉलरही लागत नाही. ‘आम्ही क्वेस्टब्रिज करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर त्याला लांबूनच नमस्कार करा. मॅच झाली की ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं धरलं जातं. आईवडिलांचा वाटा शून्य आणि डोक्यावर कर्जही नाही. चौघांच्या घराचं वार्षिक उत्पन्न साधारण 65,000 डॉलरच्या आत असावं, अशी ढोबळ रेषा आहे. तुम्ही लिहिलेल्या पगारांवरून तुम्ही तिच्या आत बसता.

आता शेती. ‘भारतातलं कोण बघतंय’ हा सल्ला गणपतीच्या जेवणावळीत मिळेलच, तो तिथेच सोडून या. मुलगी फायनलिस्ट झाली, म्हणजे क्वेस्टब्रिजच्या चाळणीतून निवडली गेली, की बहुतेक कॉलेजं आर्थिक मदतीसाठीचा सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात आणि त्यात परदेशातली मालमत्ताही सांगावी लागते. पण सांगायचा तो तुमचा हिस्सा. चौघांचे हिस्से सारखे असतील तर एक चतुर्थांश. किंमत रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या) दराने काढा, प्लॉटिंगवाल्याने चहा पिता पिता फेकलेला आकडा धरू नका. फॉर्ममध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे सरळ लिहा: जमीन जिरायती आहे की बागायती, वाटप झालेलं नाही, कसतं कोण, वर्षाला हातात किती येतं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. तो आणि त्याचं इंग्रजी भाषांतर आत्ताच काढून ठेवा. अशा कोरडवाहू तुकड्याने मॅच हुकते असं नाही. लपवलेला तुकडा नंतर सापडला, तर मात्र मिळालेली जागाही जाऊ शकते.

प्रश्न: यादीत पंधरा कॉलेजं लिहिता येतात. येल पहिलं लिहिलं तर बाकीची कॉलेजं मला नाकारतील का? मला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. (बारावीतला विद्यार्थी, ह्यूस्टन)

नाही. तू कुणाला कितव्या क्रमांकावर ठेवलंस हे कॉलेजांना कळत नाही. ज्या कॉलेजांना तू हवा आहेस, त्यांतलं तुझ्या यादीत सर्वांत वर असलेलं कॉलेज तुला मिळतं, आणि मॅच एकच होते. त्यामुळे ‘इथे लागेल का’ असा हिशोब करून क्रम लावण्यात काही अर्थ नाही. आवडीनेच लाव.

मुलं फसतात ती यादीच्या तळाशी. येल, प्रिन्स्टन, एमआयटी, स्टॅनफर्ड अशा मोजक्या ठिकाणची मॅच बंधनकारक नसते, बाकी बहुतेकांची असते. म्हणजे बाराव्या क्रमांकावर ‘असू दे’ म्हणून आयोवातलं ग्रिनेल लिहिलंस आणि त्यांनी घेतलं, तर तिथेच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. ग्रिनेल उत्तम कॉलेज आहे, पण तिथे इंजिनिअरिंगचा विभागच नाही. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना इथेही नाही. स्वार्थमोरला आहे. तुझ्या गावातल्या राइसला तर आहेच, आणि ते या योजनेत आहे. तरी तुझ्या पत्रातल्या यादीत राइस कुठेच दिसलं नाही! घरापासून लांब जायचं असेल तर हरकत नाही, पण निदान विचार करून गाळ.

वेळेचंही बघ. अर्ज सप्टेंबरअखेर, फायनलिस्टची नावं ऑक्टोबरमध्ये आणि कॉलेजांचे निबंध-कागद 1 नोव्हेंबरच्या आसपास. मधल्या दोनेक आठवड्यांत पंधरा कॉलेजांचे जादा निबंध लिहायला बसलास तर एकही धड होणार नाही. मनापासून हवी असलेली सात-आठ नावं पुरे. आणि मॅचसाठी यादी दिलीस की दुसरीकडे अर्ली डिसिजन (लवकर करायचा, प्रवेश मिळाला की बांधून घेणारा अर्ज) भरता येत नाही, हेही लक्षात ठेव.

प्रश्न: आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तिला चालेल का? (फ्रिमाँट)

अमेरिकेतल्या हायस्कुलात शिकत असेल तर नागरिकत्व कुठलंही असो, अर्ज करता येतो. मात्र नागरिक नसलेल्यांबाबत प्रत्येक कॉलेजचं धोरण वेगळं असतं, ते आधी तपासा. खरी अडचण उत्पन्नाची. एच-वन-बीचा पगार सहसा त्या रेषेच्या वरच जातो.

प्रश्न: मुलाचा जन्म अमेरिकेतला, तो अमेरिकन नागरिक आहे. आता आम्ही पुण्यात असतो. आमचं उत्पन्न डॉलरमध्ये मोजलं तर 65,000 च्या खालीच आहे. (बाणेर)

नियमाने अर्ज करता येतो, नागरिकाला परदेशी राहूनही मुभा आहे. पण 65,000 डॉलर म्हणजे पन्नास लाखांच्या वर रुपये, आणि पुण्यात तेवढ्यात घर कसं चालतं हे अर्ज वाचणाऱ्यांनाही कळतं. ते उत्पन्नाबरोबर मालमत्ता आणि मुलाने काढलेले दिवसही बघतात. दोन फ्लॅट आणि म्युच्युअल फंड असतील, तर या वाटेला न गेलेलं बरं. थेट कॉलेजकडे आर्थिक मदतीचा अर्ज करा.

प्रश्न: माझा घटस्फोट नागपूरला झाला. मुलाचे वडील भारतातच असतात, आठ वर्षं संपर्क नाही. कॉलेजं त्यांचेही कागद मागतात म्हणे. (शिकागो)

मागतात. पण सोबत न राहणाऱ्या पालकाच्या माहितीतून सूट मिळावी असा अर्ज करता येतो, आणि निर्णय प्रत्येक कॉलेज आपापला घेतं. एकाने दिली म्हणून दुसरा देईलच असं नाही. कोर्टाच्या निकालाची प्रत व तिचं प्रमाणित भाषांतर, आणि परिस्थिती माहीत असलेल्या नात्याबाहेरच्या व्यक्तीचं पत्र लागतं. शाळेच्या काउन्सेलरचं पत्र सर्वांत चांगलं. काउन्सेलरला सप्टेंबरमध्येच विश्वासात घ्या.

प्रश्न: मी नाशिकमध्ये बारावी सायन्सला आहे. मला या योजनेत भाग घेता येईल का?

भारतीय नागरिक असशील आणि भारतातच शिकत असशील, तर नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीसाठी नाही. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन इथे परदेशी मुलांचाही प्रवेश ऐपत न बघता ठरतो आणि लागेल तेवढी मदत पूर्ण मिळते. स्पर्धा भयंकर आहे. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते, संकोच करू नकोस.

प्रश्न: 1 डिसेंबरच्या निकालात मॅच झाली नाही तर सगळं संपलं का? (अटलांटा)

2023 साली सुमारे 20,800 अर्जांतून 6,683 फायनलिस्ट झाले आणि मॅच 2,242 जणांची झाली. म्हणजे मॅच न होणारे फायनलिस्टच जास्त. त्यांना त्याच कॉलेजांकडे क्वेस्टब्रिजमार्फत रेग्युलर डिसिजनचा, म्हणजे नेहमीच्या फेरीचा, अर्ज करता येतो, मुदती साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असतात. यातल्या बहुतेक कॉलेजांत प्रवेश मिळाला की गरजेइतकी मदत मिळतेच. घरातली सगळी रडारड 2 डिसेंबरला उरका आणि 3 तारखेला काउन्सेलरकडे नवी यादी घेऊन जा. नाताळच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि तेव्हा ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक) पाठवायला कुणी सापडत नाही.