डिस्ने वर्ल्डशेजारचे महागडे हॉटेल: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

ताई, आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कळेल. बडोद्याच्या मांजलपूरहून आपण दोघे, अकरा आणि चार वर्षांची मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे पाच जण जूनच्या सुरुवातीला न्यू जर्सीला दिरांकडे आणि तेथून चार रात्रींसाठी ओरलँडोला जाणार आहात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कशेजारच्या ग्रँड फ्लोरिडियन या हॉटेलचा भाव आपल्याला रात्रीला 900 डॉलर मिळाला आहे, तर गाडीने वीस मिनिटांवरचे स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट 180 डॉलरला मिळते आहे. एवढा फरक सोसावा का, असे आपण विचारले आहे.

प्रथम फरकाचा खरा आकडा पाहू. दोन्ही भावांवर तेथील विक्रीकर आणि पर्यटनकर मिळून साडेबारा टक्के धरले, तर चार रात्रींचा फरक 3,240 डॉलर होतो. बाहेर राहिल्यास पार्कच्या वाहनतळाचे दिवसाला सुमारे 30 डॉलर लागतील, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ते लागत नाहीत. ते वजा केले तरी डॉलर नव्वद रुपयांचा धरून पावणेतीन लाखांच्या वर रक्कम उरते. मध्यमवर्गीय कुटुंबाने ती विचार न करता द्यावी अशी खचितच नाही, पण ती वायाच जाते असेही मी म्हणणार नाही.

आता या पैशांत काय मिळते ते पाहू. हॉटेलवाले ज्या सोयी पुढे करतात, त्यातल्या बऱ्याच महागड्या खोलीच्या खात्यावर मांडता येत नाहीत. सकाळी पार्क उघडण्यापूर्वी अर्धा तास आत सोडतात ही सोय मोठी आहे, कारण सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारख्या राइडची रांग त्या अर्ध्या तासात सर्वांत लहान असते. पण हीच सवलत डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांतही मिळते. लाइटनिंग लेनचे, म्हणजे रांग टाळण्याचे पास बाहेरच्यांना तीन दिवस आधी घेता येतात आणि डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी. तीही सवलत सर्व डिस्ने हॉटेलांना सारखीच आहे. फक्त महागड्या हॉटेलांना मिळते ती ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावर जादा दोन तास आत राहण्याची मुभा. चार वर्षांचे मूल आणि सासूबाई बरोबर असताना आपण रात्री अकरानंतर तेथे थांबणार नाही, म्हणून त्या मुभेचे मोल आपल्या हिशेबात शून्य धरावे.

मग उरते ते जवळ असणे, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. मॅजिक किंगडमची रचना अशी आहे की गाडीने येणारा माणूस थेट दारात पोहोचतच नाही. गाडी तळ्याच्या पलीकडच्या वाहनतळावर ठेवायची, सुरक्षा तपासणी आटोपायची आणि मग मोनोरेलने किंवा बोटीने तळे ओलांडायचे. सकाळी उत्साहात हे सहज पार पडते. रात्री आतषबाजी संपल्यावर मात्र सारी गर्दी एकाच वेळी उलट निघते. आपल्याकडे नवरात्रात मोठ्या मैदानावरचा गरबा सुटल्यावर गाडी बाहेर काढायला जो वेळ लागतो, तो आठवा आणि त्यात एक बोट मिळवा. जूनमध्ये तेथे सूर्य सव्वाआठच्या आधी मावळत नाही, त्यामुळे आतषबाजी उशिराच होते. अशा वेळी खांद्यावर झोपलेले मूल सांभाळत, वाहनतळावरच्या ट्रॅमसाठी बाबागाडी घडी करायची, पिशव्या दुसऱ्या हातात घ्यायच्या आणि सासूबाईंना आधार द्यायचा, हे मी जवळून पाहिले आहे. ग्रँड फ्लोरिडियनकडे जाणाऱ्या मोनोरेलमध्ये बाबागाडी घडी न करता मूल झोपलेले तसेच नेता येते, आणि चालायचेच ठरवले तर पार्कपासून हॉटेलपर्यंत पायवाटही आहे.

जवळ असण्याचा दुसरा आणि मोठा लाभ दुपारी मिळतो. जूनमध्ये फ्लोरिडात दमट उकाडा असतो आणि दुपारनंतर बहुतेक दिवशी गडगडाटासह पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात (हॉटेलचा पोहण्याचा तलावही बंद करतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे). सकाळी लवकर आत जायचे, एकच्या सुमारास खोलीवर यायचे, धाकट्याची झोप आणि सासूबाईंची विश्रांती होऊ द्यायची आणि पाच वाजता पुन्हा जायचे, हा क्रम जमला तर दिवसाचे दोन चांगले भाग पदरात पडतात. बाहेर राहून हा क्रम कागदावरच राहतो, कारण जाऊन येण्यातच दोन-अडीच तास जातात आणि एकदा खोलीवर पोहोचलेले कुटुंब पुन्हा निघत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारतो: दुपारी खोलीवर परत याल, असे दिवस आपल्या बेतात किती आहेत? येथे एक गोष्ट सुटते. आल्या दिवशी खोली दुपारी तीन-चारशिवाय हाती येत नाही आणि निघायच्या दिवशी अकराला सोडावी लागते. म्हणजे दुपारची विश्रांती दोन रात्रींत एकाच दिवशी मिळते आणि चार रात्रींत तीन दिवशी. त्यातच एपकॉट हा पार्क वगळता डिस्ने वर्ल्डचे इतर पार्क या हॉटेलापासून बसच्या अंतरावर आहेत. तेथे जाण्याच्या दिवशी महागड्या खोलीचा विशेष उपयोग होत नाही, आणि बसमध्ये बाबागाडीची घडी घालावीच लागते.

आपल्या कुटुंबासाठी माझे मत असे, की पहिल्या दोन रात्री ग्रँड फ्लोरिडियनमध्ये आणि पुढच्या दोन बाहेरच्या अपार्टमेंटमध्ये काढाव्यात. मधला पूर्ण दिवस मॅजिक किंगडमला द्यावा. सकाळच्या अर्ध्या तासाची सवलत येण्याच्या आणि निघण्याच्या दिवशीही चालते, त्यामुळे दोन रात्रींत ती तीन दिवस मिळते. जादा खर्च जवळपास निम्म्यावर येतो आणि पुढचे दोन दिवस सासूबाईंना घरचा वरणभात मिळतो. महागड्या खोलीत कॉफीचे यंत्र आणि छोटा फ्रिज असतो, शेगडी नसते. पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेऊ देतात, काचेची भांडी मात्र चालत नाहीत, म्हणून दिरांकडून निघताना थेपले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. मध्ये सामान हलवण्याचा त्रास आहे, पण बॅगा हॉटेलच्या सामानकक्षात ठेवून दिवस पार्कमध्ये घालवता येतो.

सामान हलवायचेच नसेल, तर डिस्नेच्याच आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलातला फॅमिली सूट पाहावा. त्यात सहा जण राहू शकतात, दोन न्हाणीघरे आहेत आणि मायक्रोवेव्ह आहे. मॅजिक किंगडमला तेथून बस घ्यावी लागते, तरी वाहनतळाची यातायात वाचते. मुले मोठी असती आणि सासूबाई बरोबर नसत्या, तर मी सरळ बाहेर राहायला सांगितले असते.

ओरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांना जाणार असाल तर तेथला हिशेब निराळा आहे. तेथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांच्या भाड्यातच खोलीतल्या पाहुण्यांना जुन्या दोन पार्कांचा (युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर) रांग टाळणारा एक्सप्रेस पास मिळतो, तोही येण्याच्या आणि निघण्याच्या दोन्ही दिवशी. तो पास सुटा घेतल्यास माणशी किती लागतो हे आपल्या तारखांना पाहावे. सगळे राइडवर बसणार असतील, तर एका रात्रीचे भाडे बरेचदा त्यातच फिटते. धाकट्याची उंची मात्र अनेक राइडना कमी पडेल, म्हणून त्याचा पास फायद्यात धरू नये.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे कोणतेही आरक्षण करू नये. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून त्यांचे राहण्याचे पॉइंट भाड्याने घेऊन हीच हॉटेले बऱ्याच स्वस्तात मिळतात, पण तेथे रद्द करण्याच्या अटी फार कडक असतात. थेट डिस्नेकडून फक्त खोली आरक्षित केल्यास एका रात्रीची अनामत भरावी लागते आणि मुदतीत रद्द केल्यास ती परत मिळते. आरक्षण करताना पाचही जणांची नावे आणि वये नोंदवा आणि खोली पाच जणांची आहे ना, हे पाहून घ्या. थोरल्याला दहा वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे त्याचे पार्कचे तिकीट मोठ्या माणसाच्या दराने लागेल, तेही खर्चात धरा.