मारामारीच्या केसमध्ये पहिल्यांदाच दोषी ठरला तर कोर्ट जेलमध्ये पाठवतं की प्रोबेशनवर सोडतं?

तुमचा भाऊ वीसचा, पहिलीच केस, म्हणून विचारताय. प्रोबेशन म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडणं. आमच्या घरात हेच झालं म्हणून राहवलं नाही.

आमचं गाव देवगडकडे. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, भाऊबंदांशी जुंपली, माझ्या धाकट्या भावाने रागात दांडा उचलून एकाच्या डोक्यात घातला, चार टाके. तेव्हाच्या दंड संहितेचं (IPC) कलम ३२४ लागलं, हत्याराने दुखापत करण्याचं. हाड मोडून ३२६, म्हणजे हत्याराने गंभीर दुखापत, लागलं असतं तर त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, म्हणजे प्रोबेशनचं दारच बंद. तेव्हा तो वीसचा होता. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात कलम ६ आहे, एकवीसच्या आतल्या पोराला जेलमध्ये टाकायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात आणि प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो. पण वय धरतात ते निकालाच्या दिवशीचं, मारामारीच्या नाही. तारखा पडत पडत निकाल लागला तेव्हा हा तेवीसचा!

तरी त्याच कायद्याचं कलम ४ होतंच, बाँडवर सोडायचं, त्याला वयाची अट नाही. पण काका पहिल्यापासून अडून बसलेले, प्रोबेशन मागायचं म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आपण निर्दोषच सुटणार. साफ चूक. प्रोबेशनचा विषय निघतो तोच दोषी ठरवल्यावर, शिक्षा किती द्यायची ते ऐकून घेतात तेव्हा. आमचे वकील तेव्हा फक्त 'दया करावी' म्हणाले आणि सहा महिन्यांची कैद लागली.

सेशन्स कोर्टात अपील केलं, वकील बदलला. अपिलातही प्रोबेशन देता येतं. रिपोर्ट मागवला, ऑफिसर मॅडम ऐन आंब्याच्या दिवसांत घरी आल्या तेव्हा हा आंब्याच्या झाडावर झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे काढत होता. कमावतो काय, दारू पितो का, आधीची केस आहे का, सगळं विचारलं, शेजारीपाजारी फिरल्या. ज्याला मारलं त्याच्या आईलाही विचारलं. ती म्हणाली, "झील वायट नाय, डोक्यान तापट आसा." म्हणजे पोरगा वाईट नाही, डोक्याने तापट आहे. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडला, जखमीला भरपाई द्यायला लावली. कोर्ट बघतं ते हेच, गुन्हा कसा घडला आणि माणूस कसा आहे.

काका अजून म्हणतात, सहा महिने भोगले असते तर विषय संपला असता, आता डाग राहिला. काका, डाग जेलचा राहतो! कलम १२ प्रमाणे प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. हां, दोषी ठरवलेलं पुसलं जात नाही, सरकारी नोकरीत असेल तर खातं त्या वागणुकीवर कारवाई करू शकतं, आणि बाँड मोडला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. आता IPC च्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात मारामारीच्या कलमांचे नंबर बदललेत, ते वकिलाला विचारा. गाडी बेदरकार चालवून माणूस मेला असेल तर मात्र प्रोबेशनची आशा धरू नका, त्यात सुप्रीम कोर्ट कडक आहे.

आणि भाऊ एकवीसचा व्हायच्या आत निकाल लागेल असं बघा, तारखा मागू नका, वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच वकिलाकडे देऊन ठेवा.