अमेरिकेतल्या एका लहान काउंटीत खुनाचा दर देशाच्या दुप्पट दाखवतायत. तिथे राहायला जावं का?

तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं: काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) लोकसंख्या साधारण 9,000, बायकोला तिथल्या इस्पितळात नोकरी मिळतेय, आणि एका संकेतस्थळावर खुनाचा दर लाखामागे 11.1, शिवाय ‘गुन्ह्यांची किंमत माणशी 1,400 डॉलर’ असं लाल अक्षरांत दिसल्यापासून तुमची झोप उडाली आहे. मी बरीच वर्षं मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या उत्तर भागातल्या, अशाच एका काउंटीत राहतो. इथे यायच्या आधी मीही रात्री दोन वाजेपर्यंत असेच रंगीत नकाशे उघडून बसायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो 11.1 घ्या. 9,000 लोकांत एक खून झाला की लाखामागचा दर 11.1 येतो. बस, एवढंच आहे त्यात. त्या वर्षी तुमच्या काउंटीत कुणीतरी एकाने एकाला मारलं, बहुतेक दोघं ओळखीचे असतील, आणि भागाकाराने तुम्हाला घाबरवलं.

एफबीआयच्या 2024 च्या आकड्यांत देशाचा खुनाचा दर लाखामागे 5 आहे. आता समजा एखादी काउंटी अगदी सरासरीवर आहे, ना बरी ना वाईट. 9,000 लोकांत त्या दराने सव्वादोन वर्षांत एक खून व्हायला हवा. म्हणजे एखाद्या वर्षी तिचा दर 11.1 असणार आणि मधल्या वर्षांत शून्य. तिची खरी पातळी 5, पण तो 5 कुठल्याच वर्षीच्या तक्त्यात दिसणार नाही! टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत 64 माणसं होती. तिथे एक चोरी झाली की लाखामागे 1,562. एकाच चोरीत देशाची साध्या चोऱ्यांची सरासरी ओलांडली. तेव्हा निदान पाच वर्षांचे खून एकत्र मोजा. पाच वर्षांत दोन असतील तर दर 4.4 येतो, आणि तीच काउंटी देशापेक्षा शांत ठरते.

भाजक कोण आहे तेही बघा. काउंटीत राज्याचा मोठा तुरुंग असेल तर जनगणनेत कैदी तिथलेच रहिवासी धरतात, आणि बाहेरच्या गुन्ह्यांचा दर आपोआप खाली दिसतो. उलट आंतरराज्य महामार्ग किंवा पर्यटनाचं तळं असेल तर येणारेजाणारे अंशात मोजले जातात, छेदात नाही. दर वर.

बरं, शून्य दिसलं म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नका. स्थानिक पोलीस एफबीआयला आकडे देतात ते केंद्राच्या कायद्याने सक्तीचं नाही. 2021 पासून एफबीआयने जुनी पद्धत बंद करून प्रत्येक घटनेची सविस्तर नोंद मागायला सुरुवात केली, आणि त्या वर्षी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची पोलीस खातीसुद्धा गळाली. मग शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) तीन कारकुनांच्या कार्यालयाचं काय सांगावं. अशी भोकं काही संकेतस्थळं अंदाजाने बुजवतात आणि तो अंदाज नकाशावर इतक्या ठाम रंगात रंगवतात की तो मोजलेला आकडा वाटतो.

शिवाय कित्येक गुन्हे कुणी कळवतच नाही. अमेरिकेचं सरकार 1973 पासून घरोघरी विचारून स्वतंत्र सर्वेक्षण करतं. त्यात दिसतं की मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पोलिसांपर्यंत पोचतात. आमच्या शेजाऱ्याच्या शेडमधून जनरेटर गेला. तक्रार केलीस का म्हणून विचारलं तर म्हणाला, “विम्यात पहिले हजार आपणच भरायचे, जनरेटर आठशेचा. कशाला फॉर्म भरत बसू?” घरातल्या मारहाणीचं तर याहून अवघड. पोलिसांकडे फोन उचलणारी बाई आपल्या नणंदेची मैत्रीण असते, येणारा डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस) नवऱ्याच्या शाळेतला. शहरात पोलीस अनोळखी असतात याचा फायदा लहान गावात राहिल्यावर कळतो. मात्र याच सर्वेक्षणात शहरी भागातले हिंसक गुन्हे ग्रामीण भागाच्या मानाने बरेच जास्त निघतात, तेव्हा गाव म्हणजे छुपा नरक असा अर्थ काढू नका.

आता 1,400 डॉलर. हा आकडा वाचून वाटतं की तिथे प्रत्येकाच्या खिशातून एवढे जातात. तसं नाही. अर्थशास्त्रज्ञ प्रत्येक गुन्ह्याला एक किंमत लावतात. त्यात औषधपाणी, बुडालेला पगार, पोलीस, कोर्ट, तुरुंग येतात, आणि वेदना आणि गेलेला जीव यांचीही डॉलरमध्ये किंमत धरलेली असते. 2010 च्या एका नेहमी वापरल्या जाणाऱ्या अभ्यासात, 2008 च्या डॉलरमध्ये, खुनाची किंमत 89,82,907 डॉलर आहे, घरफोडीची 6,462 आणि साध्या चोरीची 3,532. म्हणजे एका खुनाची किंमत सुमारे 2,543 चोऱ्यांएवढी. खुनाच्या रकमेचा फार मोठा भाग जिवाच्या किमतीचा आहे. सबंध देशासाठी 2017 सालचा असाच एक हिशोब 2.6 लाख कोटी डॉलरचा निघाला, आणि त्यातला प्रत्यक्ष पैशांचा खर्च 62,000 कोटी, म्हणजे चौथ्या हिश्शाहून कमी.

अशा हिशोबाला माझा विरोध नाही. व्यसनमुक्ती केंद्राला पैसे द्यावे की तुरुंगाला, हे ठरवताना तो उपयोगी पडतो. पण तो तुमच्या काउंटीला लावून बघा: 90 लाख भागिले 9,000 लोक, माणशी साधारण हजार डॉलर. तुम्हाला दिसलेल्या 1,400 पैकी हजार त्याच एका खुनाचे असू शकतात. एकच घटना दोनदा घाबरवून गेली, एकदा दर म्हणून आणि एकदा खर्च म्हणून.

खरा खर्च मात्र असतो, आणि तो या संकेतस्थळांवर कुठेच दिसत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिक्षा झालेल्या माणसाला राज्याच्या तुरुंगात ठेवण्याचा खर्च राज्य करतं. पण शेरीफ, काउंटीचं जेल (मुख्यतः खटला चालेपर्यंत ठेवायची कोठडी), सरकारी वकील, शवविच्छेदन आणि बऱ्याच राज्यांत गरीब आरोपीचा वकीलसुद्धा (सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या गिडियन निकालापासून तो देणं बंधनकारक आहे) मोठ्या प्रमाणात काउंटीच्या तिजोरीवर असतो. ती तिजोरी भरते मुख्यतः मालमत्ता करातून. लाखो लोकांच्या काउंटीत एक मोठा खटला आला तर कुणाला कळतही नाही. लहान काउंटीत तो रस्त्यांचे पैसे खाऊन टाकतो.

टेक्सासमधल्या जॅस्पर काउंटीचं बघा. 7 जून 1998 रोजी जेम्स बर्ड ज्युनियर या कृष्णवर्णीय माणसाला तीन गोऱ्यांनी पिकअप ट्रकमागे बांधून फरफटत नेऊन मारलं. सगळा देश हादरला. तिघांवर तीन वेगळे खटले चालले, त्यातला एक तर दुसऱ्या काउंटीत हलवावा लागला. काउंटीची लोकसंख्या तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे तक्त्यात या खुनाची भर लाखामागे 3 सुद्धा नाही. त्यावर्षी देशाचा दर 6 च्या वर होता. आणि तरीही खटल्यांचा खर्च भागवायला काउंटीला मालमत्ता कर वाढवावा लागला. दर बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. घरपट्टी भरणाऱ्याला दिसलं.

नेब्रास्कातल्या गेज काउंटीची गोष्ट याहून विचित्र आहे. तिथल्या बिआट्रिस गावात 1985 मध्ये एका वृद्ध बाईचा खून झाला. शेरीफच्या तपासातून काही वर्षांनी सहा जणांना शिक्षा झाल्या, काहींच्या तोंडून न केलेल्या गुन्ह्याचे कबुलीजबाबही आले. 2008 मध्ये डीएनए तपासणीत कळलं की या सहांपैकी तिथे कुणीच नव्हतं. खरा माणूस तोवर मरून गेला होता. सहा जणांनी दावा लावला आणि 2016 मध्ये ज्युरीने काउंटीला सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. काउंटीत माणसं किती? जेमतेम बावीस हजार. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला बाराशेच्या वर डॉलर, आणि हे अर्थशास्त्रज्ञाने कल्पिलेले नाहीत, काउंटीने खरोखर देणं लागलेले. मालमत्ता कर कमाल मर्यादेपर्यंत नेला. जमीन जास्त म्हणून शेतकऱ्यांवर सगळ्यात मोठा बोजा आला, त्यातल्या कित्येकांचा 1985 मध्ये जन्मही झाला नव्हता. शेवटी 2019 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अर्धा टक्का विक्रीकर लावायची मुभा दिली. एक खून, तीस वर्षं जुना, आणि तपास चुकला त्याची किंमत खुनाच्या खर्चाच्या कितीतरी पट.

म्हणून तुमच्या जागी मी नकाशे बंद करून काउंटीचं बजेट उघडीन. ते संकेतस्थळावर असतं, नसलं तर कोर्टहाउसमध्ये क्लार्ककडे मागा, देतात. त्यात शेरीफ आणि जेलवर किती टक्के जातात, जेलवर किंवा कोर्टाच्या निकालावर काही कर्ज फेडणं चालू आहे का, आणि चार-पाच वर्षांत मालमत्ता कराचा दर कसा हलला, एवढं बघा. मग शेरीफ कार्यालयाच्या साध्या नंबरवर (911 या तातडीच्या नंबरवर नको, कृपा करा) फोन करून विचारा की रात्रपाळीला किती डेप्युटी असतात आणि तुम्ही बघताय त्या घरापर्यंत यायला किती वेळ लागतो. आमच्याकडे मी विचारलं तेव्हा पलीकडच्या माणसाने हसून विचारलं होतं, “कुठल्या रात्री?” दोन माणसं होती सबंध काउंटीला, आणि त्यातला एक जण आरोपीला दूरच्या जेलमध्ये सोडायला गेला की उरला एक. मी घर घेतलं, पण गावाच्या हद्दीत घेतलं. पाच एकरांचं स्वप्न सोडून दिलं. बायको अजून टोमणे मारते.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. वहिनींची नोकरी इस्पितळातली, म्हणजे रात्रपाळ्या असणार. अमेरिकेतले साधारण 20 टक्के लोक ग्रामीण भागात राहतात, पण रस्ते अपघातांत जाणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के ग्रामीण भागात जातात. अंधारे दुपदरी रस्ते, वेग, दारू, मध्येच उडी मारणारी हरणं, आणि अॅम्ब्युलन्स लांब. घर बघायला जाल तेव्हा इस्पितळापासून घरापर्यंतचा रस्ता एकदा रात्री अकरा वाजता स्वतः गाडी चालवून बघा.